दोन लॅब, दोन रिपोर्ट: आधी तापाचा दिवस मोजा

ऐरोलीच्या एका ताईंनी विचारलं आहे. थोडक्यात हकिकत अशी: सव्वीस वर्षांच्या भावाला गेल्या सोमवारी ताप भरला. बुधवारी घराजवळच्या लॅबमध्ये ‘फिव्हर प्रोफाइल’ केलं. डेंग्यू एनएस-१ (विषाणूचं एक प्रथिन) कार्डवर निगेटिव्ह. टायफॉइडच्या विडाल टेस्टमध्ये ‘ओ’ १:१६० आणि ‘एच’ १:१६०. डॉक्टरांनी टायफॉइड धरून अँटिबायोटिक सुरू केलं. ताप हटेना, म्हणून रविवारी दुसऱ्या लॅबमध्ये एलायझा (प्लेटवर करायची, आकडा देणारी टेस्ट) केली. तिथे एनएस-१ निगेटिव्हच, पण डेंग्यूच्या आयजीएम आणि आयजीजी या दोन्ही अँटिबॉडी पॉझिटिव्ह. प्लेटलेट ८२ हजार. आज सोमवार, सकाळपासून ताप नाही. घरात वाद पेटलाय की कुठल्या लॅबने चुना लावला. आई म्हणते, आता टीबीची रक्ततपासणीपण उरकून टाका. आणि ताईंचा शेवटचा प्रश्न: आयजीजी आलं म्हणजे त्याला परत डेंग्यू होणार नाही ना?

मी ठाण्यात बावीस वर्षं लॅबमध्ये आहे, त्यातली बरीचशी सेरॉलॉजीच्या, म्हणजे अँटिजेन-अँटिबॉडी तपासण्याच्या टेबलावर. डॉक्टर नाही, त्यामुळे औषधाबद्दल बोलणार नाही. पण रिपोर्टच्या आधी एक गोष्ट. आज ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. डेंग्यूत ताप उतरतानाचे आणि उतरल्यानंतरचे २४ ते ४८ तासच जास्त जपायचे असतात. रक्तवाहिन्यांतून पाणी बाहेर झिरपायचं असलं तर ते याच वेळी झिरपतं. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, गळून गेल्यासारखी सुस्ती, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका, थेट हॉस्पिटल गाठा. अंग दुखतंय म्हणून घरातली आयबुप्रोफेन किंवा ॲस्पिरिनची गोळी देऊ नका. आणि नुसत्या प्लेटलेट मोजत बसू नका, त्याच रिपोर्टमध्ये पीसीव्ही नावाचा आकडा असतो. तो चढायला लागला तर रक्त घट्ट होतंय. डॉक्टर तोही बघतात.

आता वादाकडे. तुम्ही विचारताय, कुठली लॅब खरी? मी विचारते, रक्त तापाच्या कितव्या दिवशी काढलं? दोन्ही लॅब खऱ्या असू शकतात, कारण दोघींनी वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या गोष्टी शोधल्या. साखर किंवा क्रिएटिनिन हा त्या घटकेचा आकडा असतो, मोजला की झालं. सेरॉलॉजीचं तसं नाही. इथे आपण एक तर जंतूचा तुकडा शोधतो, म्हणजे अँटिजेन, नाहीतर शरीराने त्याला दिलेलं उत्तर शोधतो, म्हणजे अँटिबॉडी. आणि शरीर उत्तर द्यायला वेळ घेतं.

हा दिवस विचारणं वाटतं तेवढं सोपं नाही. आमच्या काउंटरवरचा एक नमुना सांगते. फॉर्मवर लिहिलेलं, ‘ताप: १ दिवस’. शेजारी मुलाची आई उभी.

“काकू, अंग पहिल्यांदा कधी गरम लागलं?”

“अहो मॅडम, ताप कालपासूनच आहे.”

“त्याच्या आधी अंग दुखलं, डोकं दुखलं, गोळी घेतली असं काही?”

“रविवारी लग्नाहून आला तेव्हा अंग मोडून आलं होतं, क्रोसिन दिली मी. पण ती दगदग हो, ताप नव्हे.”

तो बुधवार होता. म्हणजे फॉर्मवरचा पहिला-दुसरा दिवस खरं तर चौथा निघाला. पॅरासिटामॉलने दबलेला ताप घरच्यांच्या हिशेबात धरलाच जात नाही. तुमच्या भावाचंही एकदा नीट विचारा. मी पुढे सोमवार हा पहिला दिवस धरून लिहिते.

डेंग्यूचा विषाणू पेशीत शिरला की एनएस-१ नावाचं प्रथिन रक्तात सुटतं. ते साधारण पहिल्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत चांगलं सापडतं, पुढे कमी होत जातं. आयजीएम अँटिबॉडी चौथ्या-पाचव्या दिवसाच्या सुमाराला दिसायला लागते आणि दोन-तीन महिने रेंगाळते. आयजीजीचं मात्र दोन तऱ्हांनी होतं. आयुष्यातला पहिलाच डेंग्यू असेल तर ती दुसऱ्या आठवड्याच्या आसपास, सावकाश येते. आधी कधी डेंग्यू होऊन गेला असेल तर शरीराला जुनी ओळख असते, मग आयजीजी पहिल्याच आठवड्यात झपाट्याने चढते.

हे भावाला लावून बघा. बुधवार म्हणजे तिसरा दिवस: आयजीएम यायची वेळ झालेली नव्हती, एनएस-१ मात्र सापडायला हवं होतं. रविवार म्हणजे सातवा दिवस: एनएस-१ ओसरलेलं, आयजीएम आलेली. रविवारच्या रिपोर्टमध्ये विसंगत असं काहीच नाही. प्रश्न उरतो तो फक्त बुधवारच्या निगेटिव्ह एनएस-१ चा, आणि मला वाटतं त्याचं उत्तर त्या आयजीजीत आहे. सातव्या दिवशीच आयजीजी पॉझिटिव्ह म्हणजे हा बहुधा त्याचा दुसरा डेंग्यू. अशा वेळी जुनी अँटिबॉडी रक्तात तयारच असते, ती एनएस-१ ला जाऊन चिकटते, आणि चिकटलेलं एनएस-१ टेस्टच्या हाती लागत नाही. कार्डवर तर निसटण्याची शक्यता आणखी जास्त. तो म्हणेल, मला आधी कधी झालाच नाही. डेंग्यूची लागण कित्येकदा साध्या तापासारखी किंवा काहीच न जाणवता होऊन जाते, त्यामुळे त्याच्या ‘नाही’ला फार किंमत नाही.

इथे एक ‘पण’ आहे. आयजीजीची सगळी किटं एका जातीची नसतात. काही किटं मुद्दाम अशी बांधलेली असतात की फक्त दुसऱ्या लागणीतली उंच आयजीजी पकडावी. काही किटं दहा वर्षांपूर्वीची थोडीशी आयजीजीसुद्धा दाखवतात. त्यामुळे माझा तर्क किती पक्का, हे किटवर ठरतं. आणखी एक: जपानी मेंदूज्वराचा विषाणू डेंग्यूच्याच कुळातला. त्याची लस घेतलेल्याच्या आयजीजीत गोंधळ होऊ शकतो.

कार्ड आणि एलायझा यांतला फरक लोकांना ‘स्वस्त आणि महाग’ एवढाच माहीत असतो. कार्डवर थेंब टाकला की सीरम (रक्त गोठल्यावर वर राहणारा पातळ भाग) पट्टीवरून सरकतं, आणि वाटेत रंगीत कण चिकटलेली अँटिबॉडी त्याला भेटते. पंधरा-वीस मिनिटांनी रेघ दिसली तर पॉझिटिव्ह. रेघ फिकट असली की बघणाऱ्याच्या डोळ्यावर येतं. मी आणि माझी सहकारी एकच कार्ड खिडकीशी धरून वाद घालत उभ्या राहिल्याच्या कितीतरी दुपारी आठवतात. आणि दिलेल्या वेळेनंतर उगवलेली रेघ वाचायची नसते, हे गर्दीत विसरलं जातं.

एलायझात डोळ्यावर भिस्त नसते, आकडा येतो. १९७१ साली स्टॉकहोममध्ये एंगवाल आणि पर्लमन यांनी ही पद्धत मांडली. त्याच सुमाराला नेदरलँड्समध्येही दुसरा गट तिथेच पोचला होता. त्याआधी असल्या मोजणीसाठी किरणोत्सारी आयोडीन वापरावं लागे. यांनी त्याच्या जागी एन्झाइम बसवलं, म्हणून ही टेस्ट वागळे इस्टेटच्या गाळ्यातही होऊ शकते. डेंग्यू आयजीएमची एलायझा अशी चालते: ९६ खळ्यांची प्लास्टिकची प्लेट, आठ बाय बारा. खळ्यांच्या तळाला माणसाची आयजीएम धरून ठेवणारी अँटिबॉडी आधीच लावलेली. पेशंटचं सीरम शंभर पट पातळ करून घालायचं. रक्तातली सगळी आयजीएम तळाला चिकटते, कुठल्याही आजाराची असो. धुवायचं. मग डेंग्यूचं अँटिजेन घालायचं. आयजीएम डेंग्यूविरुद्धची असेल तरच ते धरलं जातं. पुन्हा धुवायचं. मग एन्झाइम लावलेली अँटिबॉडी, पुन्हा धुणं, आणि शेवटी टीएमबी नावाचं रंगहीन द्रावण. एन्झाइम असेल त्या खळ्या हळूहळू निळ्या व्हायला लागतात, मोरपिशी म्हणा हवं तर. दहा मिनिटांनी आम्ल घालून क्रिया थांबवली की निळ्याचा हळदीसारखा पिवळा होतो आणि रीडर ४५० नॅनोमीटरवर तो वाचतो. एवढ्या वर्षांत तो रंग पालटण्याचा क्षण मला अजून कंटाळवाणा झालेला नाही.

या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित काम म्हणजे धुणं. माझीच फजिती सांगते. एका पावसाळ्यात, रोज दोन-दोन प्लेटा लागत होत्या तेव्हा, वॉशरच्या नळ्यांतली एक ओळ क्षाराने अर्धी बुजलेली होती. मी सकाळी नुसतं पाणी सोडून बघितलं, आलं, म्हणून पुढे गेले. दुपारी रीडिंग आलं तर सातव्या ओळीतले आठच्या आठ पॉझिटिव्ह. कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच माहीत असलेले नमुने, पहिल्या ओळीत असतात, ते अगदी बरोबर होते, म्हणजे कागदावर रन पास. पण डास काही प्लेटच्या ओळी बघून चावत नाही. त्या आठांत एक नमुना तापाचा नव्हताच, आमच्याच स्टाफमधल्या धडधाकट मुलीचं रक्त आम्ही रोज तपासायला ठेवत असू, तोही पॉझिटिव्ह! न धुतलेलं एन्झाइम खळीत राहिलं होतं. रिपोर्ट थांबवले, सगळी प्लेट पुन्हा लावली, सातातले सहा निगेटिव्ह निघाले. त्या दिवशी संध्याकाळी सात वाजता काउंटरवर लोकांची बोलणी खाल्ली, पण चुकीचा कागद बाहेर गेला नाही. तेव्हापासून मी आकडे वाचायच्या आधी प्लेट नुसती उंच धरून बघते, रंग ओळीने लागलाय की विखुरलेला.

दुसरी गोष्ट आपल्या हवेची. किट २ ते ८ अंशांत ठेवायचं आणि वापरायच्या आधी खोलीच्या तापमानाला आणायचं, असं पत्रकात लिहिलेलं असतं. पण त्यांची खोली २०-२५ अंशांची, आणि मे महिन्यात वीज गेल्यावर आमची ३४ ची. तिथे टीएमबी भराभर रंग घेतं आणि काठावरचे नमुने वर सरकतात. म्हणून एलायझाच्या खोलीतला एसी बंद पडला तर मी रन लावत नाही, कुणी कितीही फोन करो.

काठावरचे म्हणजे काय? आमच्याकडच्या एका किटमध्ये ९ युनिटच्या खाली निगेटिव्ह, ११ च्या वर पॉझिटिव्ह, आणि मधलं सगळं ‘इक्विव्होकल’. त्याचा अर्थ ‘थोडासा डेंग्यू’ असा नव्हे; चार-पाच दिवसांनी नवं रक्त पाठवा, एवढाच. म्हणून ताईंना सांगते, रविवारच्या रिपोर्टवर नुसतं पॉझिटिव्ह लिहिलंय की आकडा दिलाय, ते बघा. नसेल तर लॅबला फोन करून मागा. आयजीएम ११.४ असणं आणि ४० असणं यांत मी फरक करीन. संधिवाताच्या काही पेशंटच्या रक्तातला ऱ्हुमॅटॉइड फॅक्टरसुद्धा आयजीएमच्या टेस्टला कधी कधी फसवतो. सव्वीस वर्षांचा मुलगा, ताप, प्लेटलेट ८२ हजार आणि दोन्ही अँटिबॉडी हे सगळं एकत्र बघितलं तर मात्र माझं मन डेंग्यूकडेच झुकतं.

मग विडालचं काय? तो रिपोर्ट खोटा होता का? बहुधा नाही. निरुपयोगी होता, एवढंच.

विडाल टेस्ट १८९६ सालची आहे. मुंबईत प्लेग शिरला त्याच वर्षीची. टायफॉइडच्या जंतूंचं रंगीत मिश्रण आणि पेशंटचं सीरम काचेवर एकत्र करायचं, काच हलवायची आणि एका मिनिटात गुठळ्या दिसतात का बघायचं. जंतूच्या अंगाविरुद्धची अँटिबॉडी ‘ओ’, त्याच्या शेपटांविरुद्धची ‘एच’. आणि तो १:१६० कुठून येतो? काचेवर ८०, ४०, २०, १०, ५ मायक्रोलिटर असं सीरम घेतात, प्रत्येकात जंतूंचा एक-एक थेंब. दहा मायक्रोलिटरपर्यंत गुठळी दिसली तर १:१६०, पाचपर्यंत दिसली तर १:३२०. मिनिटाऐवजी तीन मिनिटांनी बघितलं तर कडेने वाळलेलं मिश्रणसुद्धा गुठळीसारखं दिसतं. एका खळीचा फरक हा बघणाऱ्याच्या मनगटाचा आणि घड्याळाचा फरक असू शकतो.

पण खरी अडचण त्याहून मोठी आहे. टायफॉइडची अँटिबॉडी पहिल्या आठवड्याच्या शेवटाला दिसायला लागते. तिसऱ्या दिवशी जी सापडली ती या तापाची असण्याची शक्यता कमीच. ती जुन्या लागणीची, लशीची किंवा टायफॉइडच्या एखाद्या भाऊबंद जंतूची असू शकते. वडापाव, पाणीपुरी आणि जून-जुलैचं गढूळ नळाचं पाणी पोटात गेलेल्या आपल्यासारख्या धट्ट्याकट्ट्या माणसांतही १:८० सहज सापडतं, कधी त्याहून वर. शिवाय दुसऱ्याच कुठल्या तापाने जुनी अँटिबॉडी जागी होते आणि आकडा चढतो. एका विडालला अर्थ नाही. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन नमुने घेऊन आकडा चौपट झाला, म्हणजे १:८० चा १:३२०, तरच मी मान हलवते. आणि हे दोन्ही नमुने शेजारी ठेवून एकाच दिवशी, एकाच हाताने करायचे.

टायफॉइडचा संशय होता तर बुधवारी, अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जायच्या आधी, ब्लड कल्चर घ्यायला हवं होतं. त्यात जंतू स्वतःच सापडतो, आणि कुठल्या औषधाला तो दाद देईल हेही कळतं. कल्चर हे काही रामबाण नव्हे, खऱ्या टायफॉइडमध्येही ते बऱ्याचदा निगेटिव्ह येतं, आणि रिपोर्टला दिवस लागतात. विडाल तासाभरात मिळते, म्हणून ती तगून आहे. आता पाच दिवस गोळ्या झाल्यावर कल्चर निगेटिव्ह आलं तरी टायफॉइड नव्हताच असं छातीठोक कुणी म्हणू शकणार नाही. गोळ्या थांबवायच्या की पुऱ्या करायच्या हे डॉक्टरांनाच विचारा, रविवारचा रिपोर्ट पुढ्यात ठेवून. स्वतः बंद करू नका.

या निमित्ताने ‘फिव्हर प्रोफाइल’बद्दल मनातलं बोलते, आमच्याच धंद्यातल्यांना आवडणार नाही. तापाच्या दुसऱ्या दिवशी विडाल, डेंग्यू आयजीएम, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) आयजीएम असं सगळं एका पाकिटात विकणं म्हणजे परीक्षा व्हायच्या आधी निकाल मागणं. त्या दिवशी उपयोगाचं काय? सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), मलेरियासाठी रक्ताची काच आणि एनएस-१. टायफॉइडचा संशय असेल तर कल्चर. अँटिबॉडीच्या टेस्ट पाचव्या-सहाव्या दिवसानंतर. भाऊ साचलेल्या पाण्यातून चालत गेला असेल, पायाला जखम असेल, तर लेप्टोचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. २००५ च्या २६ जुलैनंतर लेप्टोने काय केलं हे आमच्या पिढीच्या लॅबवाल्यांना विसरता येत नाही. पण त्याचीही आयजीएम पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आधी शोधण्यात राम नाही, आणि तिथे डॉक्टर टेस्टची वाट न बघता औषध सुरू करतात ते बरोबरच करतात.

आईंच्या टीबीच्या सूचनेला माझ्याकडून नाही. रक्तातल्या अँटिबॉडीवरून टीबी ओळखणाऱ्या टेस्टवर भारत सरकारने २०१२ सालीच बंदी घातली, कारण त्या दोन्ही बाजूंनी चुकत होत्या. रक्ताची जी ‘गोल्ड’ टेस्ट ऐकू येते ती वेगळी: तिच्यात रक्तातल्या पेशी टीबीच्या प्रथिनांसोबत रात्रभर उबवतात आणि त्यांनी सोडलेलं इंटरफेरॉन गॅमा मोजतात. ती सांगते, शरीराला टीबीचा जंतू ओळखीचा आहे का. आज आजार आहे का, हे ती सांगत नाही, आणि आपल्याकडे ती ओळख असलेली माणसं कमी नाहीत. सात दिवसांच्या तापाला तिची गरज नाही. दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासा.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. आयजीजी म्हणजे कवच का? अर्धंच. डेंग्यूचे चार प्रकार आहेत. ज्या प्रकाराचा झाला त्यापासून बहुतेक कायमचं संरक्षण, बाकीच्यांपासून काही महिन्यांपुरतंच. आपल्या नेहमीच्या एलायझात कुठला प्रकार ते कळत नाही. आणि दुसऱ्या वेळी, वेगळ्या प्रकाराची लागण झाली तर आजार गंभीर होण्याची शक्यता वाढते, म्हणून मी सुरुवातीलाच ताप उतरल्यानंतरच्या दोन दिवसांबद्दल एवढं बजावलं.

तुमच्या जागी मी असते तर उद्या सकाळी सीबीसी परत केलं असतं, रविवारच्याच लॅबमध्ये, म्हणजे प्लेटलेट आणि पीसीव्हीची तुलना एका मशीनवर होते. डेंग्यूची टेस्ट तिसऱ्यांदा आत्ता केली नसती. उपचार त्याने बदलणार नाहीत. खात्री हवीच असेल तर दहा-बारा दिवसांनी दुसरा नमुना द्या आणि लॅबला विचारा की रविवारचं सीरम अजून फ्रीजरमध्ये आहे का. असलं तर दोन्ही एकाच प्लेटवर लावायला सांगा. आमच्यासारख्या बऱ्याच लॅब पॉझिटिव्ह नमुने काही दिवस ठेवतात, पण कुणी विचारलं नाही तर टाकून देतात, तेव्हा हा फोन उद्याच करा. आणि फॉर्मवर ‘ताप: सोमवारपासून’ असं न लिहिता तारीख घाला. पुढच्या वेळी तुम्ही जाल तेव्हा काउंटरवर कोण असेल आणि त्याला कुठला सोमवार वाटेल, सांगता येत नाही.